हाकेचं माणूस

वाघोली,
१९ नोव्हेंबर २०२४

मेघना,

वयाने तू माझ्या भाचीएवढी आणि केंद्रात माझी साहेब, तेव्हा वर काय लिहायचं या विचारात माझा एक कागद फुकट गेला. म्हणून नुसतं मेघना.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं का? कराडला थंडी पडली असेल, त्यांचे पाय झाकून ठेव. तू फोन करेन म्हणत होतीस आणि मी नको म्हटलं, त्याचा राग नको धरूस. तुला कारण माहीत आहे, तरी एकदा लिहून टाकते. समोर तोंड न दिसता नुसता आवाज कानात आला, की तो माझ्या डोक्यातल्या मंडळींत जाऊन बसतो. तू फोन ठेवलास तरी ती मंडळी तुझ्याच आवाजात बोलत राहतात. मग तू काय म्हणालीस आणि त्यांनी पदरचं काय घातलं, हे मला निवडता येत नाही. कागदाचं तसं नाही, पुन्हा उघडला तरी तेच लिहिलेलं असतं. तू कबूल केलंयस, माझ्याशी महत्त्वाचं जे काही बोलायचं असेल ते कागदावर. विसरू नकोस.

आता केंद्राची खबर. तुझ्या जागी आलेला हर्षवर्धन पोरगा वाईट नाही. पण काय गं त्याची भाषा! आम्हाला ‘लाभार्थी’ म्हणतो. मी म्हटलं, बाबा रे, मला कसला लाभ झालाय ते तरी सांग. माझ्या शेजारची दुसरी लाभार्थी, आपली कॅथरिन, हसून हसून खोकायला लागली. पहिल्याच शुक्रवारच्या बैठकीत त्याने विचारलं, हे ‘हाकेचं माणूस’ म्हणजे काय प्रकार आहे? तू नव्हतीस, म्हणून मीच सांगितलं. आपल्याकडे जो येतो, तो बरा असताना एकदा सगळ्यांसमोर उभा राहतो आणि सांगतो, मी घसरलो, डोकं पुन्हा बिघडलं, तर अमक्याला हाक मारा, तमक्याला मारू नका. ज्याचं नाव घेतलं त्याने तिथल्या तिथे ‘येईन’ म्हणायचं. मग हाक आल्याशिवाय त्याने जायचं नाही, आणि आली की जायचंच. आणि कोणाबद्दलही त्याच्या पाठीमागे बोलायचं नाही. आम्हालाही तेच आणि पगारी माणसांनाही तेच.

त्याला पटेना की पगारी माणसांनीही नावं सांगितली आहेत. मी म्हटलं, माझं माणूस मेघना, आणि मेघनाचं माणूस मी. तू उभी राहून माझं नाव घेतलंस तो दिवस मी त्याला जसाच्या तसा सांगितला. आयुष्यात मला कोणी बोलवण्यासारखं माणूस समजलं ते त्या दिवशी. आमच्या घरात मला लग्नाकार्यालासुद्धा मागच्या खोलीत बसवतात, तुला माहीत आहे.

यतीनला मी सांभाळते आहे. वालीवच्या कारखान्यातून सुटला की थेट नालासोपाऱ्याला केंद्रात येतो. हल्ली जरा गप्प आहे.

वहिनीने केळी सोलून सुकेळी वाळत घातली आहेत. झाली की पाठवते.

शांता


कराड,
२६ नोव्हेंबर २०२४

प्रिय शांताताई,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. आईचं ऑपरेशन झालं, बरी आहे. मला मात्र इथे वाटलं होतं त्याहून जास्त दिवस राहावं लागेल, कदाचित मार्चपर्यंत.

हर्षवर्धनला सांभाळून घ्या. तो हुशार आहे, फक्त त्याला आपली सवय नाही. सुरुवातीला मीसुद्धा रजिस्टर उघडून बसायचे आणि तुम्हीच ते माझ्या हातातून काढून घेतलं होतं.

यतीन गप्प आहे म्हणजे कसा? जेवतो का? कामावर जातो का? डॉक्टर मंगळवारी येतात तेव्हा त्याला दाखवा, पण त्याला विचारून.

जास्त लिहीत नाही. इथे टेबल नाही, मांडीवर कागद घेऊन लिहिते आहे, त्यामुळे अक्षर असं आलं आहे.

तुमची,
मेघना


वाघोली,
४ डिसेंबर २०२४

मेघना,

तुझं अक्षर खरंच काय झालंय? ‘शांताताई’ वाचायला मला चष्मा पुसावा लागला. तू लिहितेस कशावर, हलत्या एसटीत?

यतीनचं विचारलंस. आपल्याकडे सगळे दाराशी चप्पल काढून सतरंजीवर बसतात. तो हल्ली चप्पल घालूनच बसतो, तीही भिंतीला पाठ लावून. मी विचारलं, काढ की रे. तर म्हणतो, मावशी, उठून पळायला लागलं तर? मागच्या वेळी त्याच्या थोरल्या भावाने, जितूदादाने, त्याला डॉक्टरकडे जाऊ सांगून गाडीत घातलं आणि त्या कुठल्याशा आश्रमात नेऊन सोडलं. तिथे ते पाय बांधून ठेवतात. तेव्हा तो अनवाणी होता, ते त्याच्या मनातून जात नाही. म्हणून तर त्याने आपल्यासमोर सांगितलं ना, मला काही झालं तर शांतामावशी, जितूदादा कधीही नको. डबा उघडतो आणि तसाच बंद करतो. कारखान्यातले लोक त्याच्याबद्दल बोलतात, असं त्याला वाटतंय.

मी हर्षवर्धनला सांगितलं, पोराचा पाय घसरतोय, मंगळवारपर्यंत थांबायला नको, डॉक्टरांना आजच विचार, मी त्याच्या शेजारी बसते. तर तो लॅपटॉप मिटून अगदी प्रेमाने मला म्हणतो, शांताताई, तुमची झोप कशी आहे? गोळ्या चालू आहेत ना?

मला असा संताप आला म्हणून सांगू! मी यतीनबद्दल बोलतेय आणि हा मला तपासतोय. चांगलं बोलले की मी सोबती, सल्लागार, पाहुणे आले की माझ्याबरोबर फोटो. आणि त्याला न पटणारं बोलले की मी पेशंट. मी जरा मोठ्याने बोलले. मान्य आहे. एक खुर्चीही सरकवली. पण मी शुद्धीत होते मेघना, पूर्ण शुद्धीत.

तू त्याला दोन ओळी लिही. इतकंच लिही की शांताताई बोलते ते ऐक. तुझं ऐकेल तो. आणि लवकर लिही, मला भीती वाटतेय.

शांता


कराड,
११ डिसेंबर २०२४

प्रिय शांताताई,

तुमचं पत्र वाचून मला काळजी वाटली.

यतीनची तर आहेच, पण तुमचीही. रागावू नका. तुम्ही लिहिलं आहे की कोणी तुमचं ऐकत नाही, फोटोपुरतं वापरतात. तीन वर्षांपूर्वी, त्या दिवाळीत, तुमची सुरुवात अशीच झाली होती. तेव्हाही तुम्हाला सगळ्यांवर संशय यायला लागला होता. तुम्ही यतीनचं फारच अंगावर घेतलं आहे. थोडे दिवस त्याला हर्षवर्धनवर सोडा.

झोप लागते ना? गोळ्या वेळेवर घेताय ना? मंडळी जास्त बोलतात का? खरं सांगा.

हर्षवर्धनला काय सांगायचं ते मी बघते.

मेघना


वाघोली
१८ डिसेंबर

मेघना

तूही तेच विचारलंस.

काल डॉक्टरांनी मला आत बोलावलं. गोळी वाढवली. मला विचारलं नाही, सांगितलं. का म्हटलं तर म्हणाले सगळ्यांना वाटतंय. सगळे म्हणजे कोण ते सांगत नाहीत. हर्षवर्धन म्हणाला महिनाभर घरीच आराम करा. गोळी आता वहिनी देते, तोंड उघडून बघते.

डोळे मिटतात. हे तीन वेळा उठून लिहिलंय. यतीनला तू लिही. त्याला सांग मी आहे. मी येईन म्हटलंय त्याला.

शांता


कराड,
२८ डिसेंबर २०२४

प्रिय शांताताई,

तुम्ही आराम करताय हे वाचून हायसं वाटलं. गोळी वाढवली की सुरुवातीला झोप येते, नंतर अंग सवय करून घेतं. वहिनींवर रागावू नका. यतीनला लिहीन, बसते आहे लिहायला.

नवीन वर्षात सगळं ठीक होईल.

मेघना


वाघोली,
२ फेब्रुवारी २०२५

मेघना,

महिना उलटून गेला, मी तुला लिहिलं नाही आणि तूही लिहिलं नाहीस. आता डोकं जाग्यावर आहे, तेव्हा झालं ते सांगते. यात मंडळींचा एक शब्द नाही. वहिनीकडून, हर्षवर्धनकडून, जितूकडून, ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकलेलं आहे.

नाताळ होऊन गेल्यावर एका दुपारी यतीन आमच्या वाडीत आला होता. कामावर गेलाच नव्हता. वालीवहून इथवर कसा आला कोण जाणे, त्याचे पाय धुळीने भरले होते. विहिरीजवळच्या चाफ्याखाली उभा राहिला आणि वहिनीला म्हणाला, मावशीला हाक मारा. वहिनीने त्याला पाणी दिलं, गूळ दिला. सांगितलं, ती झोपली आहे, डॉक्टरांनी आराम सांगितलाय, उद्या ये. बस म्हणाली, तर बसला नाही. तो बराच वेळ उभा होता, असं वहिनी म्हणते. मी आत, भिंतीपलीकडे, तोंड उघडं टाकून घोरत होते.

वहिनीचं काय चुकलं? तिला डॉक्टरांनी सांगितलं तसं ती वागली. मी तिच्याशी भांडले, ती रडली, आणि मग मलाच तिची समजूत काढावी लागली.

तिथून तो केंद्रात गेला. कोपऱ्यात बसला आणि कोणी जवळ गेलं की ओरडायला लागला. कॅथरिन म्हणत होती, शांताला बोलवा, रिक्षा पाठवा, उचलून आणा तिला. हर्षवर्धन म्हणाला, त्या स्वतः आजारी आहेत. त्याने फाईल उघडली, घरच्यांचा नंबर काढला आणि जितूला फोन लावला. यतीनच्या समोर लावला, मेघना. जितू आला, बरोबर दोघंजण आणि गाडी घेऊन.

यतीन पळाला नाही. एवढी चप्पल घालून बसायचा, पण पळाला नाही.

त्याच आश्रमात नेलं. तीन आठवड्यांनी आणलं. मला कळलं ते तो परत आल्यावर, कॅथरिन स्वतः आमच्याकडे आली तेव्हा. मी त्याच दिवसापासून गोळी अर्धी केली, आधी डॉक्टरांना जाऊन सांगितलं आणि मग केली. या वेळी त्यांनी ऐकून घेतलं. ऐकून घ्यायला त्यांना काय पाहिजे होतं बघ.

काल आचोळ्याला जितूच्या घरी गेले. जितूने दार उघडलं. मी त्याला चार शब्द सुनवायला गेले होते, पण त्याचं तोंड बघून ते तसेच राहिले. म्हणाला, मावशी, मी काय करायचं होतं? तुमच्याच केंद्रातून फोन आला. मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. मला दुसरी जागा कोणी दाखवलीच नाही.

यतीन पलंगावर बसला होता. चप्पल घालून, चादरीवर पाय सोडून. घोट्यावरचे वळ अजून काळे आहेत. मी म्हटलं, यतीन, मी आले रे. त्याने माझ्याकडे नीट बघितलं. रागावलाही नाही. म्हणाला, मावशी, मी आलो होतो. तुम्ही झोपला होता.

मग म्हणाला, चहा घेऊन जा.

मी तास-दीड तास बसले. केंद्रात ये म्हटलं तर त्याने मान हलवली, नाही म्हणून. जितूची बायको म्हणते, सांगितलं तर जेवतो, सांगितलं तर उठतो. त्याचं गुणगुणणं गेलंय. तुला आठवतं ना, वैताग यायचा त्याच्या गुणगुणण्याचा.

परत येताना हर्षवर्धनला भेटले. पोरगा टेबलावर डोकं ठेवून रडला. म्हणाला, शांताताई, मला कळत नव्हतं कोणाचं ऐकायचं. मेघनामॅडमनी फोन करून सांगितलं होतं, शांताताई घसरतायत, त्यांच्यावर लक्ष ठेव, डॉक्टरांना सांग.

फोन करून. माझ्या पाठीमागे. मला पत्रात लिहिलंस, ‘मी बघते’, ते हे होतं का? हो की नाही एवढंच लिही. कागदावर लिही.

शांता


कराड,
११ फेब्रुवारी २०२५

शांताताई,

हो.

तुमचं ४ डिसेंबरचं पत्र आलं त्याच दिवशी मी हर्षवर्धनला फोन केला. तुम्हाला आधी लिहायला हवं होतं, निदान नंतर तरी. यतीनलाही मी लिहिलं नाही. ‘बसते आहे लिहायला’ लिहिलं आणि बसले नाही.

आता उरलेलं सांगते. आईचं ऑपरेशन झालेलं नाही. आईचे गुडघे ठणठणीत आहेत, तीच माझं करते आहे. आजारी मी आहे. ऑक्टोबरात एका सकाळी मला केंद्रात यायला उठता येईना. पंधरा दिवस उठले नाही. मग बाबा येऊन मला घेऊन गेले. इथल्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. सहकाऱ्यांना सांगितलं आईचं ऑपरेशन, आणि तुम्हालाही तेच.

तुमचं पत्र मी अंथरुणात वाचलं. मला तेव्हा स्वतःच्या एकाही विचाराचा भरवसा राहिला नव्हता. पंखा फिरला तरी तो माझ्याविषयी काहीतरी सांगतो आहे असं वाटायचं. तुम्ही लिहिलंत भीती वाटते, आणि मला वाटलं, हीसुद्धा गेली माझ्यासारखी. यतीनची चप्पल तुम्ही इतकी स्पष्ट लिहिली होती, तरी मला ती दिसलीच नाही. प्रत्येक ओळीत मला आजारच दिसला. तो माझा होता.

तुम्हाला हाक मारायचं रोज मनात यायचं. पण लाज वाटली. मी पंधरा वर्षं लोकांना सांगते आहे की मदत मागण्यात कमीपणा नाही. तुम्ही येऊन मला या खोलीत, न विंचरलेल्या केसांनी बघाल, हे सहन होईना. सगळ्यांसमोर मी तुमचं नाव घेतलं होतं ना, ते मनापासून घेतलं असं मला वाटत होतं. आता वाटतं, मला त्याची कधी गरज लागेल हे मी धरलंच नव्हतं. तुम्हा सगळ्यांना बरं वाटावं म्हणून घेतलं होतं.

मला क्षमा करा असं लिहीत होते, ते खोडलं. यतीनसमोर मी कोणत्या तोंडाने उभी राहू ते मला सांगा.

मेघना


वाघोली,
२२ फेब्रुवारी २०२५

मेघना,

मला माहीत होतं.

पहिल्या पत्रात शंका आली आणि दुसऱ्या पत्राला खात्री झाली. ते अक्षर मांडीवर लिहिल्याचं नव्हतं. त्या गोळ्यांनी हात कापतो, मीही वर्षानुवर्षं तसंच लिहिलंय. बँकेत माझी सही जुळायची नाही, माझ्या दादाला बरोबर यावं लागायचं. तुझ्या पत्रातल्या वेलांट्या बघितल्या आणि म्हटलं, अगं बाई, ही पण.

मी पिशवी भरून ठेवली होती. दोन लुगडी, माझ्या गोळ्या आणि तुझी सुकेळी. कराडला गाडी कुठून मिळते ते दादाला विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला, तू एकटी जाणार? मी म्हटलं, जाणार. केंद्रातली माझी साहेब मला हाक मारणार आहे. डिसेंबरात पोस्टमन दिसला की मी फाटकापर्यंत जायचे. आपला नियम आहे, हाक आल्याशिवाय जायचं नाही. मी पाळला. यायला हवं होतं का गं, न बोलावता? रोज विचार करते आणि रोज वेगळं उत्तर येतं.

तू मला विचारतेस यतीनसमोर कोणत्या तोंडाने उभी राहू. मला ते माहीत असतं तर मी तुला सांगितलं असतं. मी दर आठवड्याला त्याच्याकडे जाते, तो दर वेळी चहा घ्या म्हणतो, मी घेते आणि येते. याउपर मला काही जमलेलं नाही.

काल शुक्रवार होता. सतरंजीवर नेहमीची माणसं होती, भिंतीजवळची यतीनची जागा कोणी घेत नाही. मी उभी राहिले आणि म्हटलं, माझं हाकेचं माणूस मेघना होती, ते नाव मी काढते. कॅथरिन रडायला लागली. हर्षवर्धन उठून म्हणाला, ताई, माझं नाव घ्या, मी येईन. मी म्हटलं, बस खाली बाळा. त्याने विचारलं, मग कोणाला हाक मारायची? मी म्हटलं, कोणाला नको. मी घसरले तर जे करायचं ते करा, डॉक्टर आहेत, दादा आहे, जितूला लागला तसा कोणाला तरी फोन लागेलच.

मला तुझा राग आहे का? आहे. खूप आहे. तू आजारी होतीस म्हणून तो कमी होईल असं मला वाटलं होतं, पण नाही झाला. आजारी मीही असते, आणि मी तुझ्या पाठीमागे कोणाला फोन केला नाही. तुझ्या भरवशावर मी बारा वर्षांनी पहिल्यांदा वाडीबाहेर पडले होते. आता बसने नालासोपाऱ्याला जाते, पूल ओलांडते, आचोळ्याला जाते, सगळं करते, पण कशासाठी करते ते मला कळत नाही. मंडळी म्हणतात, घरी बस. हल्ली त्यांचं म्हणणं खोटं वाटत नाही.

तू गोळ्या बंद करू नकोस. केस विंचर, निदान आईसाठी. सुकेळी पाठवली आहेत, प्रवासात दमट झाली तर एक ऊन दाखव.

तुझ्या नावापुढे माझं नाव आहे, ते मी काढलेलं नाही. ते तू घेतलं होतंस, काढायचं तर तू येऊन काढ. तोवर तू हाक मारलीस तर मी येईन.

यतीनलाही मी तसंच म्हटलं होतं.

शांता